तोंडावरचं बोट

“हाताची घडी, तोंडावर बोट.” बालवर्गावर पहिली सहा वर्षं मी हे रोज म्हणत आले. पंचवीस लेकरं एका दमात गप्प व्हायची. दारातून डोकावणाऱ्या मोठ्या बाई समाधानाने पुढे जायच्या. वर्ग हातात आहे, याची हीच खूण मानली जायची, आणि मीही मानत होते. तीन-साडेतीन वर्षांचं मूल नुकतं कुठे वाक्य जोडायला लागलेलं असतं, पहिल्यांदा घराबाहेर पडलेलं असतं, आणि आम्ही त्याला पहिला धडा देतो तो तोंड मिटायचा. हे माझ्या लक्षात यायला सहा वर्षं लागली, आणि एका पोरीचा फ्रॉक ओला व्हावा लागला.

ती नागपुरातली एक कॉन्व्हेंट होती. आमच्याकडे विदर्भात इंग्रजी शाळेला सरसकट कॉन्व्हेंटच म्हणतात, मग ती दोन खोल्यांची का असेना. वर्गात इंग्रजीतच बोलायचं असा नियम होता, नर्सरीलासुद्धा. एक मुलगी माझ्या टेबलाजवळ फ्रॉकची कड मुठीत धरून उभी राहिली. तिला कुठे जायचंय ते मला दिसत होतं. तिला सांगताही येत होतं. घरी ती दिवसभर बडबडते, असं तिची आई म्हणायची. पण परवानगी मागायचं ते इंग्रजी वाक्य तिला जुळत नव्हतं आणि मी ते वाक्य यायची वाट पाहत होते. ‘मे आय’ एवढं झालं, पुढे नुसते ओठ हलले, आणि पायाशी पाणी झालं. मुलं हसली. दिवाळीच्या सुट्ट्या लागेपर्यंत ती पोरगी वर्गात एक शब्द बोलली नाही. नियम शाळेचा होता, पण ती उभी होती माझ्यासमोर. मी तिचा हात धरून तिला न्यायला हवं होतं.

वर्ष संपल्यावर मी ती नोकरी सोडली. कळमन्याच्या मार्केटमागे एका वस्तीत बालवाडी होती, तिथे लागले. पत्र्याची एक खोली, मदतीला एक मावशी, आणि पटावर 38 मुलं. कळमना म्हणजे नागपूरचा मोठा ठोक बाजार: धान्य, आलू-कांदे, मिरची आणि हंगामात संत्र्यांचे डोंगर. तिथे हमाली करणारी, माल निवडणारी माणसं आमच्या मुलांचे आईबाप. कुणी भंडाऱ्याकडचं, कुणी काटोलकडचं, आणि बरीच घरं छत्तीसगडमधून आलेली. त्या एका खोलीत नागपुरी मराठी, छत्तीसगढी आणि बाजारातली हिंदी एकाच सतरंजीवर बसायच्या. नागपूरला हे नवं नाही. 1956 पर्यंत हे शहर मराठी-हिंदी अशा दुभाषी प्रांताची राजधानी होतं, आणि दोन भाषांचा तो शेजार आजही आमच्या तोंडी आहे. पुण्याचा माणूस ‘मी जेवतोय’ म्हणतो, आम्ही ‘जेवून राहिलो’ म्हणतो.

जागा बदलली तरी माझी सवय बदलली नव्हती. इथेही बोट तोंडावर. मग एका प्रशिक्षणात आम्हाला सांगितलं, आपल्याच वर्गाचं अर्धा तास रेकॉर्डिंग करा आणि घरी जाऊन ऐका. रात्री भांडी आटोपल्यावर मी मोबाइल कानाला लावला. अर्धा तास आवाज माझाच होता. “हे काय आहे? गाय! गाय काय देते? दूध! दूध कोण पितं?” मी 70 च्या वर प्रश्न विचारले होते. उत्तरं सगळी एका शब्दाची, सगळ्यांनी मिळून दिलेली. एकट्या मुलाचं पूर्ण वाक्य मला त्यात चार वेळा सापडलं, आणि चारपैकी तीन वेळा मी ते मधेच तोडलं होतं. चौथं होतं, “बाई, माह्या घरी पाणी शिरलं.” त्यावर मी म्हटलं होतं, “हो का? बरं, आता इकडे बघा, गाय काय खाते?”

ते वाक्य मी त्या रात्री पुन्हा पुन्हा ऐकलं. पोराच्या घरात पावसाचं पाणी शिरलं होतं, त्याला ते कुणालातरी सांगायचं होतं, आणि मी गाईचं विचारत होते.

दुसऱ्या दिवसापासून दोन गोष्टी धरल्या. एक, 38 जणांशी एकदम बोलायचं नाही. मावशी बाकीच्यांना ठोकळे, माती, भातुकली असं काही द्यायच्या आणि मी पाच-सहा जणांना घेऊन कोपऱ्यात बसायची. दुसरी, विचारल्यावर मनात दहापर्यंत मोजायचं. हे दहा आकडे फार लांब असतात. चारला वाटतं, पोराला येत नाही. सहाला उत्तर आपल्याच ओठांवर येतं. पण लहान मुलाला प्रश्न ऐकून, समजून, शब्द शोधून, जीभ वळवून बोलायला मोठ्या माणसापेक्षा कितीतरी जास्त वेळ लागतो. आम्ही तो कधी देतच नव्हतो. मी आठ-नऊपर्यंत पोचायची आणि कालपर्यंत मुकं समजलेलं पोरगं बोलायला लागायचं.

प्रश्नही बदलावे लागले. संत्रं हातात धरून “हे काय?” विचारलं की “संत्रं” म्हणून विषय संपतो. मग मी प्रत्येकाच्या हातात एकेक संत्रं द्यायला लागले. हंगामात आमच्याकडे डागी संत्र्यांना तोटा नसतो. सोलता सोलता बोलणं आपोआप येतं. एकाच्या डोळ्यात साल पिळली गेली, तो ओरडला, “बाई, डोयात गेलं!” दुसरीने बिया मोजल्या. तिसऱ्याने सांगितलं, “माहा बाबा गाडी.” एवढंच. मी त्याचंच वाक्य थोडं वाढवून त्याला परत दिलं, “तुझा बाबा गाडीत संत्रे भरते?” त्याने मान हलवली आणि म्हणाला, “बाबा रातच्याले गाडी भरते.” तीन शब्दांचे चार झाले आणि त्या चारांत रात्र आली, कामही आलं. चूक काढायची नाही. मूल जिथवर आलं तिथून एक पाऊल पुढचं वाक्य त्याच्या कानावर घालायचं, आणि ते सहज, त्याचंच म्हणणं ऐकू आलं म्हणून बोलल्यासारखं. घरात आई-आजी हे न शिकता करतात. आम्ही शिकलेल्या बाया ते विसरलो होतो.

त्या ‘डोयात’वर थांबायला हवं. आमच्या बोलीत ‘ळ’चा ‘य’ होतो. डोळा डोया, काळा काया, केळं केयं. एकदा तपासणीला आलेल्या एका बाईंनी एका मुलाच्या नावापुढे ‘उच्चारदोष’ असं लिहिलं आणि डॉक्टरला दाखवायला सांगितलं. त्या मुलाची आई, आजी, अख्खं गाव तसंच बोलत होतं. ग्रियर्सन यांच्या भारतीय भाषांच्या सर्वेक्षणाचा मराठीवरचा सातवा खंड 1905 साली निघाला, त्यातही वऱ्हाडी-नागपुरीची नोंद मराठीची बोली म्हणून आहे. ज्या ‘लीळाचरित्रा’ला आपण मराठीतला पहिला गद्यग्रंथ म्हणून मिरवतो, तो तेराव्या शतकात वऱ्हाडातल्या रिद्धपूरला रचला गेला. ही बोली रोग नाही. हे मला कुणाला पटवून द्यायचं त्याआधी स्वतःला पटवायचं होतं, कारण माझी आई काटोलकडची. ती मरेपर्यंत ‘डोया’च म्हणत होती आणि मी डी.एड.ला गेल्यावर माझी जीभ घासूनपुसून घेतली होती. आईला फोनवर मी ‘डोळा’ म्हणायची तेव्हा ती थोडी गप्प व्हायची. आता वाटतं, त्या गप्प होण्याचा अर्थ मी तेव्हाच विचारायला हवा होता.

प्रमाण मराठी शिकवू नये असं मी म्हणत नाही. ती शिकवायची, पुढच्या सगळ्या पुस्तकांची तीच भाषा आहे. पण गोष्ट सांगताना, गाणं म्हणताना, पुस्तक दाखवताना ती मुलाच्या कानावर पडत राहते आणि चार-पाच वर्षांचं मूल दोन्ही अलगद सांभाळतं. ‘सांबार’ म्हणणाऱ्या पोराला चित्र दाखवून मी सांगते, पुस्तकात याला कोथिंबीर म्हणतात. भेद्रं टमाटर होतं, टमाटर टोमॅटो होतो. मुलाला गंमत वाटते की एका वस्तूला इतकी नावं असतात. आधीचं नाव पुसून नवं लिहायला गेलं की मात्र मूल बोलायचंच थांबतं, आणि जे बोलतच नाही त्याला कुठलीच भाषा शिकवता येत नाही.

छत्तीसगढी पोरांच्या बाबतीत तर मी सपशेल अडाणी होते. एक मुलगी पहिले दोन आठवडे सारखी रडायची, “दाई, दाई!” मला वाटलं, ती मावशींना बोलावतेय. आपल्याकडे दाई म्हणजे बाळंतपण करणारी, मूल सांभाळणारी बाई. मावशी धावत यायच्या, तिला उचलून घ्यायच्या आणि ती आणखीच हंबरडा फोडायची. रजिस्टरमधल्या नावाने हाक मारली तर ती वळूनही बघायची नाही. शेवटी तिच्या आईला संध्याकाळी थांबवून विचारलं. छत्तीसगढीत दाई म्हणजे आई. आणि घरी तिला नावाने कुणी बोलवतच नव्हतं, नोनी म्हणायचे, म्हणजे पोरगी. दोन आठवडे ते लेकरू आईला हाका मारत होतं आणि आम्ही दरवेळी तिच्यासमोर दुसरीच बाई उभी करत होतो.

त्या आईकडून मी वहीत 20-25 शब्द उतरवून घेतले. ददा म्हणजे वडील. भूख लागत हे. मोर म्हणजे माझं, तोर म्हणजे तुझं. दुसऱ्या दिवशी मी तिला “नोनी” म्हणून हाक मारली. तिने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. महिन्याभरात ती बाकीच्या पोरींना “माहा घर, मोर घर” असं दोन्हीत समजावून सांगत होती. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात लिहिलंय की शक्य असेल तिथे किमान पाचवीपर्यंत शिकवणं घरच्या भाषेत व्हावं. ते वाचलं तेव्हा मला ते 25 शब्दांचं पान आठवलं. धोरणापासून वर्गापर्यंतच्या वाटेवर अशी पानं कुणीतरी भरायला लागतात.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांचं नाव आमच्या प्रत्येक प्रशिक्षणात घेतात. 1945 मध्ये बोर्डीला त्यांनी काम सुरू केलं, 1957 मध्ये कोसबाडला गेल्या. वारली पाड्यांतली मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा त्यांनी बालवाडीच उचलून मुलांच्या अंगणात नेली. अंगणवाडी तिथून आली. 1975 मध्ये देशभरची योजना सुरू झाली ती तेच नाव घेऊन. पण अंगणात बसायचं तर त्या अंगणातलं बोलणंही कानावर घ्यावं लागतं. योजनेसोबत वजनकाटा आला, खाऊ आला, तक्ते आले. हा भाग मात्र मागे राहिला, असं मला वाटतं. तक्त्यावर अजून अ अननसाचा आहे आणि ऐ ऐरणीचा आहे. कळमन्याच्या पोराने दोन्ही पाहिलेले नाहीत.

एका मुलाची हकिकत सांगते. जून संपता संपता आमच्याकडे शाळा उघडते, तेव्हा आला, आणि पोळा जवळ आला तरी त्याच्या तोंडून अक्षर नव्हतं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात तान्हा पोळा असतो. पोरं लाकडी बैल सजवून घरोघर नेतात आणि बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, मागतात. सण तोंडावर आला की आमचे वर्ग सगळे बैलमय होतात. मुलांना मी घरचे बैल आणायला सांगितलं होतं. याने आणला तो चाकांचा नव्हता, झिलाईचाही नव्हता. बापाने फळकुटाचा कापून दिलेला, शिंगं तारेची. तो कोपऱ्यात बसून बैलाचं तोंड पाण्याच्या ताटलीत घालत होता. मी शेजारी बसले. काही विचारलं नाही. बऱ्याच वेळाने तो माझ्याकडे न बघता म्हणाला, “माहा बैल पानी पिऊन राहिला.”

सहा वर्षांपूर्वीची मी असते तर म्हटलं असतं, “माझा बैल पाणी पितो आहे, म्हण बघू.” मी म्हटलं, “लय तहान लागली का त्याले?”

“हव. दूरून आला.”

मी थांबले. सात, आठ.

“आता झोपते तो.”

“कुठं?”

“माह्या आजीपाशी.”

मग आजी आली, आजीचं गाव आलं, विकलेला खरा बैल आला. दहा मिनिटं तो बोलत होता. त्याला बोलता येत होतं, सगळं येत होतं. त्याच्याजवळ बसून ऐकणारं माणूस तेवढं आजवर नव्हतं.

चिऊकाऊची गोष्ट मी वर्षातून पन्नासदा सांगत असेन. तीच गोष्ट, त्याच शब्दांत, कारण पुढे काय येणार ते माहीत असलं की मुलं आपण होऊन बोलतात. एका पावसाळ्यात कावळ्याचं घर वाहून गेलं तिथे आले आणि नेहमीप्रमाणे थांबले. एक मुलगी, जिच्या स्वतःच्या घराचं छत गळत होतं, म्हणाली, “कावयाले पन्नी देऊन द्या नं, बाई.” त्या दिवसापासून आमच्या गोष्टीत कावळ्याला पन्नी मिळते. मुलं तो भाग सगळ्यांत मोठ्याने म्हणतात.

म्हणूनच गरिबाघरी भाषाच नसते, असं कुणी म्हटलं की मला राग येतो. 1995 साली अमेरिकेतल्या हार्ट आणि रिस्ली यांचा अभ्यास फार गाजला: कॅन्सस शहरातल्या 42 कुटुंबांवरून त्यांनी हिशेब मांडला की चौथ्या वर्षापर्यंत गरिबाच्या मुलाच्या कानावर सुखवस्तू घरातल्या मुलापेक्षा तीन कोटी शब्द कमी पडतात. प्रशिक्षणांत हा आकडा अजून सांगतात. पण 2018 मध्ये दुसऱ्या संशोधकांनी मुलाच्या आजूबाजूला घरात जे बोलणं चालतं तेही मोजलं, आणि ती दरी तशी राहिली नाही. आमच्या वस्तीत नळावर, ओट्यावर, संत्र्याच्या ढिगापाशी बोलणं कधी थांबत नाही. आयांना वेळ नसतो हे खरं. मोबाइल पोराच्या हातात देऊन स्वयंपाक उरकावा लागतो हेही खरं. मी त्यांना एवढंच सांगते की भाजी निवडताना, न्हाऊ घालताना पोराशी बोला, आणि तुमच्याच भाषेत बोला. एक बाप मला म्हणाला होता, “आमची भाषा गावठी आहे मॅडम, आमच्या पोराले एबीसीडी कधी येईन ते सांगा.” त्याला मी म्हटलं, तुम्ही बाजारातल्या गोष्टी सांगत जा, एबीसीडी मी बघते. तो पोरगा गाड्यांचे नंबर वाचत अक्षरं शिकला.

खरी अडचण असते तिथे मात्र आम्ही चुकतो, आणि उलटे चुकतो. बोलीला दोष म्हणतो आणि दोषाला स्वभाव. करोनात दोन वर्षांच्या आसपास बंद राहिलेली बालवाडी उघडली, तेव्हा आमच्या तोंडावर मास्क होते. एक मुलगी कशालाच उत्तर द्यायची नाही. ‘लाजाळू’ म्हणून मीच वहीत लिहिलं. मास्क उतरले तेव्हा दिसलं की ती माझ्या ओठांकडे टक लावून बघते, आणि मागून हाक मारली तर तिला पत्ताच नसतो. तिचा कान वाहायचा. घरी त्यात तेल घालत होते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा तपासणीला येतं, 2013 पासूनची सोय आहे. त्यांनी तिला पुढे कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे पाठवलं. उपचार बरेच महिने चालले, आणि तिचं बोलणं हळूहळू सुटलं. ते माझं ‘लाजाळू’ मी वहीत तसंच ठेवलंय.

आईबापांनी हे ध्यानात ठेवावं. वर्षाच्या आसपास पहिला शब्द येतो, दोन वर्षांचं मूल दोन शब्द जोडतं, तीन वर्षांच्या मुलाचं बोलणं परक्यालाही बरंचसं समजतं. चार आठवडे इकडेतिकडे चालतात. ‘र’ तर पाचव्या-सहाव्या वर्षापर्यंतही अडतो. पण दोन वर्षांचं मूल काहीच बोलत नसेल, किंवा पाठीमागून हाक मारल्यावर वळत नसेल, तर ‘त्याचा बापही उशिरा बोलला’ म्हणून थांबू नका. आधी कान तपासा.

आता माझं एक गाऱ्हाणं, जे इतकी वर्षं साचलंय. बालवाडी तीन तासांची, म्हणजे 180 मिनिटं. मुलं 38. खाऊ, शी-शू, रडारड, रजिस्टर यातलं काहीही न धरता मी सगळा वेळ नुसता बोलण्याला दिला, तरी एका मुलाच्या वाट्याला पाच मिनिटंही येत नाहीत. बैलवाल्या पोराला दहा लागली होती, आणि त्या दहा मिनिटांत बाकीच्या 37 जणांना मावशींनी एकटीने सांभाळलं. 2013 च्या राष्ट्रीय बालशिक्षण धोरणात तीन ते सहा वर्षांच्या 20 मुलांमागे एक मोठं माणूस असावं असं छापलेलं आहे. तोंडावर बोट ठेवायला लावणाऱ्या बाया दुष्ट नसतात. गर्दी त्यांना तसं करायला लावते.

म्हणून वस्तीत येणाऱ्या प्रत्येक साहेबाला मी एकच सांगते, आणि इथेही तेच मागते. तक्ते आहेत, खेळणी आहेत, टीव्ही नको. आम्हाला आणखी एक बाई द्या. याच वस्तीतली, याच पोरांची भाषा बोलणारी.